प्रिन्स ऑफ पर्शिया आणि जुन्या गेमचे नवीन भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही जुन्या गेमचा नवीन भाग जाहीर झाला की मित्रांमध्ये, भावंडांमध्ये तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवूया. बहुतेक उत्तरं प्रिन्स ऑफ पर्शियाबद्दल आहेत कारण ही सिरीज माझी सगळ्यात लाडकी आहे, आणि एखाद्या सिरीजचं चांगलं-वाईट जे काही होऊ शकतं ते सगळं हिचं होऊन झालंय. शेवटाकडे कॉन्ट्रा, मारिओ, एज ऑफ एम्पायर्स पण येतील. जुन्या भागांचे शेवट मी बिनधास्त सांगितलेत, २०२४ पासूनच्या भागांचे नाही.

नवीन भाग आला की जुने फॅन लगेच चिडतात, असं का?

कारण त्यांना काहीतरी हरवायची भीती असते. आपल्याकडे कित्येकांनी प्रिन्स पहिल्यांदा बघितला तो शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नाहीतर कोणाच्या तरी काकांच्या ऑफिसातल्या पीसीवर, डॉसच्या काळ्या स्क्रीनवर नाव टाइप करून. विकत घेतलेला वगैरे नव्हता, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आलेला. त्या गेमशी जे नातं जुळतं ते नवीन ट्रेलरच्या दोन मिनिटांत तपासलं जातं आणि तिथे काहीही वेगळं दिसलं की माणूस बिथरतो. हे मी समजू शकतो, पण ट्रेलर बघून निकाल लावू नका एवढंच सांगेन, कारण या सिरीजमध्ये ट्रेलरने सगळ्यांना फसवलंय, दोन्ही बाजूंनी.

मग नवीन भाग "आपला" आहे की नाही हे ठरवायचं कसं?

हिरोचा चेहरा, पगडी, कपडे, थ्रीडी की टूडी, यातलं काहीही बघू नका. हे प्रत्येक भागात बदलत आलंय. मी दोन गोष्टी बघतो: पडण्याची भीती आणि हातातून निसटणारा वेळ. प्रिन्स ऑफ पर्शिया म्हणजे या दोन गोष्टी.

१९८९ चा मूळ गेम घ्या. जॉर्डन मेक्नरने तो अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर जवळजवळ एकट्याने केला. त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम कॉम्प्युटरमध्ये उतरवली. त्यामुळे त्या प्रिन्सला वजन आहे. पळताना बटण सोडलं तर तो जागच्या जागी थांबत नाही, थोडा पुढे जाऊन थांबतो. मागे वळवलं तर आधी पाय रोवतो, घसरतो, मग वळतो. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत कडेपर्यंत नेलं तर कडेला आल्यावर तो पाय पुढे करून चाचपून बघतो आणि मागे घेतो. काट्यांमधून पळत गेलात तर मेलात, पण हळूहळू चालत गेलात तर काही होत नाही. एक मजला खाली पडलात तर ठीक, दोन मजले पडलात तर एक लाइफ जाते, तीन मजले म्हणजे खेळ खल्लास. आणि हे सगळं सावकाश, जपून करायचं म्हटलं तर करता येत नाही कारण वर घड्याळ चालू आहे, पूर्ण गेमला ६० मिनिटं, त्यानंतर कैदेतली राजकन्या गेली. जपून चाल आणि लवकर चल, या दोन उलट्या गोष्टी गेम एकाच वेळी मागतो, आणि सगळी मजा त्याच ताणात आहे.

मेक्नरचा त्याआधीचा कराटेका (१९८४) खेळला असेल तर त्याला माणसाची हालचाल पडद्यावर आणायचं वेड किती होतं ते कळेल. प्रिन्समधल्या तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिनहूड सिनेमातलं शेवटचं द्वंद्व फ्रेम थांबवून थांबवून अभ्यासलं होतं. संगीत त्याच्या वडिलांचं. घरचाच कारखाना म्हणा ना.

तो आरशातून निघणारा काळा प्रिन्स, तो काय प्रकार होता?

शॅडोमॅन. हा माझ्या मते गेमच्या इतिहासातला सगळ्यात सुंदर जुगाड आहे. अ‍ॅपल टूची मेमरी भरलेली, नवीन शत्रूचं अ‍ॅनिमेशन टाकायला जागा नाही, म्हणून मेक्नरने प्रिन्सचीच चित्रं घेऊन ती बिट पातळीवर जरा सरकवून स्वतःशीच एक्सओआर केली (म्हणजे दोन चित्रांत जे बिट वेगळे तेवढेच ठेवले) आणि त्यातून एक चमचमणारी सावली तयार झाली, जिला मेमरी जवळजवळ लागतच नाही. पहारेकऱ्यांसाठी जागा त्याने नंतर कशीबशी काढली.

पण खरी कमाल म्हणजे त्या सावलीला गोष्टीत काय काम दिलंय. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते, पाचव्याला आपल्यासमोर औषधाची बाटली पिऊन टाकते, सहाव्याला ऐन वेळी दार पाडून आपल्याला खाली पाठवते, आणि शेवटी बाराव्या लेव्हलला तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं की आपण मरतो. तलवार म्यानात घालून तिच्या अंगावर चालत जायचं, दोघं एक होतात. शब्द एकही नाही. शाळेत हे कोणीतरी वरच्या वर्गातल्या दादाने सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि ज्याला स्वतःहून कळलं त्याचा वट वेगळाच.

ही सावली लक्षात ठेवा, खाली २०२४ च्या भागात ती परत येणार आहे.

थ्रीडीमध्ये गेल्यावर तर सगळंच बदललं, मग सॅन्ड्स ऑफ टाइम एवढा कसा गाजला?

कारण त्या टीमने हालचाल आणि वेळ या दोन्ही गोष्टी पकडून ठेवल्या आणि बाकी सगळं बिनधास्त बदललं. २००३ चा हा भाग युबिसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओचा, क्रिएटिव्ह डायरेक्टर पॅट्रिस डेझिले, आणि गोष्ट लिहायला स्वतः मेक्नर. भिंतीवरून पळणं, खांबावरून खांबावर उडी, दांड्याला झोका, सगळं आधीच्यापेक्षा सैल आणि वेगवान, पण पडण्याची भीती तशीच. आणि वेळ? आधी वेळ शत्रू होता, आता हातात खंजीर आला आणि त्यातली वाळू वापरून वेळ मागे फिरवता येतो. उडी चुकली, प्रिन्स खाली चाललाय, बटण दाबून धरा, सगळं उलटं फिरतं आणि आपण परत कडेवर. पण वाळू मोजकी आहे. म्हणजे चूक माफ होते पण फुकट होत नाही. ६० मिनिटांच्या घड्याळाला यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर दिसलेलं नाही.

अजून एक बारीक गोष्ट सांगतो जी मला अजूनही भारी वाटते. पूर्ण गेम प्रिन्स कोणाला तरी सांगतोय अशी रचना आहे. आपण मेलो की तो सांगता सांगता थांबतो आणि म्हणतो, नाही नाही, असं झालं नव्हतं, आणि परत मागच्या जागेवरून सुरू करतो. म्हणजे गेम ओव्हरसुद्धा गोष्टीचा भाग. आणि शेवटी कळतं की तो हे सगळं फराहला सांगतोय, जिला यातलं काही आठवतच नाही कारण वेळ मागे गेलेली आहे. फराह कोण, तर भारतातल्या एका महाराजाची मुलगी, आणि गोष्ट सुरू होते तीच प्रिन्स आणि त्याचा बाप शारामान त्या महाराजाचा महाल लुटतात तिथून. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी हा गेम सायबर कॅफेत तासावर खेळला आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नाही कारण सीन आले की पैसे वाचवायला स्किप.

त्याआधी पण एक थ्रीडी आला होता ना?

हो, १९९९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी. बग भरपूर, कंट्रोल अडखळणारे. उडी कुठे पडणार याचा भरवसा नाही आणि तो भरवसाच नसेल तर पडण्याची भीती राहत नाही, नुसता वैताग येतो. १९९३ चा दुसरा भाग, द शॅडो अँड द फ्लेम, मात्र चांगला होता, कठीण पण चांगला.

वॉरियर विदिन मला जाम आवडतो. फॅन लोक त्याला नावं का ठेवतात?

२००४ चा भाग. आवडतो तर आवडू द्या की, लढाई त्यात खरंच मस्त आहे, दोन हातात दोन शस्त्रं, शत्रूचं हत्यार हिसकावून त्याच्यावरच फेकायचं. लोकांचा राग आहे सुरावर. आधीच्या भागातला हळवा, जरा आगाऊ, स्वतःच्या चुकीने पोळलेला पोरगा अचानक दात-ओठ खाणारा झाला, मागे हेवी मेटल वाजायला लागलं, रक्त वाढलं. मेक्नरनेही तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं की त्याला ही दिशा पटलेली नाही.

माझं मत असं की संगीत आणि संवाद सोडले तर हा भाग मूळ प्रश्नाशी इमानदार आहे. दहाका आठवा. वेळेशी खेळलास म्हणून वेळेचा राखणदार मागे लागलाय, स्क्रीन करडी होते, त्या काळ्या शेपट्या मागून येतात आणि तुम्हाला न थांबता, न चुकता पळायचंय, एक उडी हुकली की संपलं. ६० मिनिटांचं घड्याळ अंगावर धावून यावं तर ते असं. कॅफेत दहाका आला की शेजारच्या खुर्चीवरची पोरंपण आपला गेम पॉज करून बघायची. त्यामुळे वॉरियर विदिनला मी कधीच टाकाऊ म्हणणार नाही. २००५ चा टू थ्रोन्स दोन्ही सुरांची सांगड घालायला बघतो, डार्क प्रिन्स आतून टोमणे मारत राहतो, आणि शेवटी त्याच्याशी लढून उपयोग नाही, त्याला सोडून फराहकडे चालत जायचं. बाराव्या लेव्हलची सावलीच ती.

२००८ च्या भागात तर मरताच येत नाही. त्यात कसली मजा?

माझा याच्यावरून खूप जणांशी वाद झालाय. त्या भागात पडलं की सोबतीला असलेली एलिका हात धरून वर काढते आणि शेवटच्या सपाट जागेवर आणून सोडते. लोक म्हणाले, मग भीती कसली? पण विचार करा, २००३ मध्ये वाळू संपल्यावर मेलात की चेकपॉइंटवरून परत, इथे एलिकाने काढलं की सपाट जागेवरून परत. काम तेच. फरक एवढाच की लोडिंग स्क्रीनच्या जागी एक माणूस आला.

आणि त्याचा हिशोब शेवटी चुकता होतो. जग वाचवण्यासाठी एलिका जीव देते आणि मग प्रिन्स, म्हणजे आपण, आपल्या हाताने झाडं तोडून, सगळं केलेलं काम उधळून तिला परत आणतो आणि कैदेतल्या अहरिमानला, अंधाराच्या देवाला, मोकळा सोडतो. पूर्ण गेम तिने आपल्याला पडू दिलं नाही आणि आता आपण तिला जाऊ देत नाही. ज्यांनी "मरत नाही म्हणून सोपा" म्हणून तो अर्ध्यात सोडला त्यांनी एकदा शेवटपर्यंत खेळावा. लढाई एकेकट्या शत्रूशी आणि जरा कंटाळवाणी आहे हे मान्य, आणि ते उजेडाचे गोळे गोळा करत फिरायचं काम नसतं तरी चाललं असतं.

फरगॉटन सॅन्ड्स?

२०१०, प्रिन्स ऑफ पर्शियावरचा सिनेमा आला त्याच सुमाराला. गोष्ट विसरून जा. पण पाणी गोठवायची ताकद जबरदस्त: कारंजं उडतंय, बटण दाबून धरा, पाण्याचा खांब घट्ट, त्याला धरून झोका घ्या, हात सोडताना बटणही सोडा म्हणजे पुढच्या धबधब्यातून आरपार जाता येईल, आणि लगेच परत दाबा कारण पुढे परत खांब लागणार. शेवटच्या टप्प्यात बोटांची कसरत होते. तेवढ्यासाठी खेळा.

२०२४ च्या लॉस्ट क्राउनमध्ये प्रिन्स हिरोच नाही, मग त्याला प्रिन्स ऑफ पर्शिया का म्हणायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. २०२३ च्या जूनमध्ये ट्रेलर आला, मागे हिप-हॉप, हिरो कोणी सारगॉन नावाचा योद्धा, टूडी कॅमेरा, आणि लोक तुटून पडले. सगळे वाट बघत होते सॅन्ड्स ऑफ टाइमच्या रिमेकची आणि हातात पडलं हे. गेम १८ जानेवारी २०२४ ला आला आणि माझ्या मते २००३ नंतरचा हा सगळ्यात अस्सल प्रिन्स ऑफ पर्शिया आहे.

केला फ्रान्समधल्या युबिसॉफ्ट मॉन्टपेलियेने. प्रिन्स घस्सानला पळवून काफ पर्वतावर नेलंय, सारगॉन आणि त्याचे सोबती, ज्यांना इमॉर्टल्स म्हणतात, त्याच्या शोधात निघतात, आणि पर्वतावर वेळच बिघडलेली आहे. कोणासाठी एक दिवस गेलाय, कोणासाठी वर्षानुवर्षं. म्हणजे वेळ परत शत्रू. आणि टूडीमुळे पडण्याची भीती तशीच परत आली जशी १९८९ मध्ये होती, बाजूने बघताना खड्डा किती रुंद आहे ते डोळ्यासमोर असतं, अंदाज चुकला तर कॅमेऱ्याला दोष देता येत नाही.

आता ती सावली. सारगॉनला सीमुर्गकडून, म्हणजे इराणी पुराणकथेतल्या दैवी पक्ष्याकडून, एक ताकद मिळते: एक बटण दाबलं की आपण जिथे आहोत तिथे आपली सावली उभी राहते, परत दाबलं की आपण कुठेही असलो तरी खेचले जाऊन त्या सावलीत परत. म्हणजे खड्ड्यावर हवेत असतानाच सावली सोडायची, खाली काट्यांच्या मध्ये असलेली वस्तू उचलायची आणि पडायच्या आत परत वर. नाहीतर शत्रूचा वार येतोय, आधीच मागे सावली सोडून ठेवलीय, त्याच्या तोंडासमोरून गायब. १९८९ मध्ये मेमरी नाही म्हणून जन्मलेली सावली शत्रू होती, ३५ वर्षांनी ती आपलं हत्यार झाली. जुना हिरो, जुना खलनायक जाफर, जुना महाल यातलं काहीही न वापरता त्यांनी मूळ गेमच्या काळजाला हात घातलाय. नवीन भाग कसा करावा हे मला कोणी विचारलं तर मी ही एक ताकद दाखवेन.

बाकीही बरंच आहे. मेमरी शार्ड म्हणून सोय आहे, जिथे अडकलात तिथला फोटो काढून मॅपवर चिकटवायचा, म्हणजे नंतर नवीन ताकद मिळाली की कुठे परत जायचं ते कळतं. असा शोधाशोधीचा गेम खेळलेल्यांना याची किंमत कळेल, आधी आपण वहीत लिहून ठेवायचो. पूर्ण फारसी आवाजात खेळता येतो आणि तसाच खेळा, खाली सबटायटल वाचत. संगीत गॅरेथ कोकर आणि इराणी मूळच्या मेन्ट्रिक्स यांचं. मुंबईत फोर्टमध्ये अग्यारीच्या दाराशी पंखवाले बैल बघितले असतील तर हे जग तुम्हाला परकं वाटणार नाही.

एवढा चांगला होता तर मग चालला का नाही?

समीक्षकांनी डोक्यावर घेतला पण विक्री कंपनीला हवी तेवढी झाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मास्क ऑफ डार्कनेस नावाचं डीएलसी, म्हणजे गेमला जोडायचा जास्तीचा भाग, आलं आणि ऑक्टोबरमध्ये बातमी आली की टीम वेगवेगळ्या प्रोजेक्टवर पांगवली गेलीय. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात तर तो ऑगस्टमध्ये आला, सात महिने उशिरा, आणि पीसीवरचे बहुतेक लोक तिथेच गेम घेतात. मला याचा खरंच राग येतो. फॅन लोक वर्षानुवर्षं ओरडतात की काहीतरी नवीन द्या पण मूळ आत्मा ठेवा, आणि नेमकं तसं दिलं तेव्हा निम्मे लोक ट्रेलरच्या गाण्यावरच अडून राहिले. आवडत्या सिरीजचा चांगला भाग आला तर तो वेळेत विकत घ्या, सेलमध्ये तीन वर्षांनी घेऊन कौतुक केलं तर पुढचा भाग करायला ती टीमच जागेवर नसते.

"द रोग (Rogue) प्रिन्स ऑफ पर्शिया" वेगळा आहे का?

पूर्ण वेगळा. करणारा स्टुडिओ ईव्हिल एम्पायर, म्हणजे डेड सेल्स या गेमवर काम केलेली मंडळी. मे २०२४ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेस, म्हणजे काम चालू असतानाच विक्रीला, ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण. मेलात की परत पहिल्यापासून, दर वेळी रस्ते बदललेले. भिंतीवरून पळणं इतकं गुळगुळीत की नुसतं पळत राहावंसं वाटतं. पण पडण्याची भीती इथे कमी आणि लढाई जास्त, म्हणून माझ्या यादीत लॉस्ट क्राउनच्या खाली. अर्ध्या तासाचा डाव हवा असेल तर मात्र हाच.

पुणे-मुंबईत होत होता त्या रिमेकचं नक्की काय झालं?

सप्टेंबर २०२० मध्ये सॅन्ड्स ऑफ टाइमचा रिमेक जाहीर झाला आणि करणार होते युबिसॉफ्ट पुणे आणि युबिसॉफ्ट मुंबई. त्या रात्री आपल्याकडे जो आनंद झाला तो मी विसरणार नाही, फराहच्या बापाच्या देशात तो गेम परत घडणार होता. मग ट्रेलर आला आणि जगभरातून ग्राफिक्सवर टीका. तारीख होती २१ जानेवारी २०२१, ती गेली १८ मार्चवर, मग बेमुदत पुढे, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रोजेक्टच बंद केला.

यावर लोक "आपल्या पोरांना जमलं नाही" म्हणून मोकळे होतात ते मला अजिबात पटत नाही. पुण्याचा स्टुडिओ २००८ पासूनचा, मुंबईचा २०१८ चा, आणि अशा स्टुडिओंचं काम जास्त करून दुसऱ्या स्टुडिओच्या गेमला हातभार लावायचं असतं. एवढ्या मोठ्या नावाचा पूर्ण रिमेक ही वेगळी उडी होती. आणि काम मॉन्ट्रियलला, जिथे मूळ गेम जन्माला आला तिथे, गेल्यावरही तो पूर्ण झाला नाही, मग दोष एकट्या पुणे-मुंबईला कसा देणार? त्या रिमेकची खरी अडचण अशी की २००३ चा गेम जसाच्या तसा नवीन रंगात दिला तर आजच्या खेळाडूला लढाई जुनाट वाटते, आणि बदलला तर जुना फॅन ओरडतो. लॉस्ट क्राउनच्या वाटेला ही अडचण आली नाही कारण त्याने नक्कल करायचं ओझंच घेतलं नाही.

रीमास्टर, रीमेक, रीबूट हे सगळं एकच ना?

नाही. रीमास्टर म्हणजे तोच गेम, चित्र आणि आवाज साफ केलेला. रीमेक म्हणजे तीच गोष्ट, तेच टप्पे, पण सगळं नव्याने बांधलेलं. रीबूट म्हणजे नाव ठेवून गोष्ट पहिल्यापासून, जसा २००८ चा प्रिन्स. आणि चौथा एक प्रकार आहे ज्याला नाव नाही, जुनं गाजलेलं नाव वेगळ्याच गेमला लावायचं. नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड बघा. २००५ चा खेळलेल्या प्रत्येकाला खलनायक रेझर माहितीये, त्याने बळकावलेली आपली बीएमडब्ल्यू एमथ्री जीटीआर माहितीये, पंधरा जणांची ब्लॅकलिस्ट एकेक करून खाली आणली. २०१२ मध्ये त्याच नावाचा गेम आला, गोष्ट जवळजवळ नाहीच, गाड्या रस्त्यात उभ्या असतात, जवळ जा आणि घ्या. गाडी चालवायला तो चांगला होता, पण ज्याच्यावर सूड उगवायचा तो माणूसच नाही आणि कमवायची गाडी फुकट उभी. वेगळ्या नावाने आला असता तर लोकांनी प्रेमाने खेळला असता.

कॉन्ट्रा आणि मारिओचे नवीन भाग खेळावेत का?

टीव्हीला जोडायच्या त्या आठ बिटवाल्या मशीनवर, पिवळी कॅसेट फुंकर मारून लावून खेळलेल्यांनी कॉन्ट्रा ऑपरेशन गलुगा नक्की बघा, मार्च २०२४, वेफॉरवर्डने केलेला. दोघांनी शेजारी बसून खेळा, स्प्रेड गन कोणी घ्यायची यावर भांडण तसंच होतं. एका गोळीत मरायचं की लाइफबार ठेवायचा हे निवडता येतं, एका गोळीवालाच निवडा. दिसायला जरा स्वस्तातला वाटतो, पण हाताला तोच.

मारिओ वंडर, ऑक्टोबर २०२३, माझ्या मते मारिओच्या टूडी भागांमधला फार वरचा. जवळजवळ प्रत्येक लेव्हलमध्ये एक फूल, ते घेतलं की लेव्हलच वेडी होते, कुठे पाइपातली झाडं गाणं म्हणत चालायला लागतात, कुठे पाइप अळीसारखे सरपटतात. आणि टायमर काढून टाकलाय. मी वर वेळेवर एवढं बोललो आणि इथे टायमर गेला त्याचं कौतुक करतोय कारण मारिओचा जीव वेळेत कधी नव्हताच, तो आहे उडी मारल्यावर पुढे काय निघेल या उत्सुकतेत.

एज ऑफ एम्पायर्स?

चौथा भाग २०२१ चा, दिल्ली सल्तनत पहिल्या दिवसापासून आहे, चांगला आहे. पण मी सांगेन दुसऱ्या भागाचीच डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने सजवलेली आवृत्ती, घ्या. मूळ गेम १९९९ चा आणि २०२२ मध्ये त्याला डायनेस्टीज ऑफ इंडिया आलं, ज्यात आधीच्या एकाच "इंडियन्स" गटाचं नाव हिंदुस्तानी झालं आणि बंगाली, द्रविडियन, गुर्जर असे तीन नवीन आले, राजेंद्र चोळाची मोहीमसुद्धा. जुन्या गेमवर प्रेम करत राहिलं तर तो वीस-बावीस वर्षांनीही वाढू शकतो. मराठे मात्र त्यात नाहीत, गेमचा काळच आधीचा आहे, त्यामुळे ती तक्रार नको.

प्रिन्सची सुरुवात कुठून करू?

सॅन्ड्स ऑफ टाइम, मग लॉस्ट क्राउन, मग मूळ १९८९ चा. मूळ आधी नको, त्याचे कंट्रोल आजच्या हाताला जड जातात आणि तुम्ही दुसऱ्या लेव्हलला सोडून द्याल. सॅन्ड्स ऑफ टाइम पीसीवर कंट्रोलर नसेल तरी माउस-कीबोर्डवर नीट खेळता येतो. वॉरियर विदिन त्याच्या लगेच नंतर घेऊ नका, सूर एकदम बदलतो, मध्ये थोडे दिवस जाऊ द्या.

मूळ गेम आज चालतो का?

चालतो, डॉसबॉक्सवर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर जुने डॉसचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर. पहिल्या लेव्हलनंतर बाटल्यांची खोली येते, तिथे मॅन्युअलमधलं अक्षर विचारतात, घाबरू नका, ती त्या काळची कॉपी प्रोटेक्शन आहे. प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांसाठी अजून एक: अ‍ॅपल टूचा मूळ सोर्स कोड हरवला असं मेक्नर धरून चालला होता, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना तो जुन्या फ्लॉपींच्या खोक्यात सापडला, आणि डिस्क वाचून काढून त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला. तो ज्यात लिहिलाय ती असेंब्ली भाषा येत नसली तरी फाइलमधल्या कॉमेंट वाचून बघा.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना कुठला भाग द्यावा?

लॉस्ट क्राउन, गायडेड मोडवर. त्यात पुढे कुठे जायचं ते मॅपवर दिसतं. सेटिंगमध्ये शत्रूंचा मार कमी-जास्त करता येतो, आणि उड्यांची फार अवघड जागा आली तर ती ओलांडायला पोर्टल उघडायची सोय आहे, तीही चालू करून ठेवा. निन्टेन्डो स्विचवरही मस्त पळतो. वॉरियर विदिन मात्र मोठं झाल्यावरच, त्याला रेटिंगच सतरा वर्षांवरच्यांसाठीचं आहे.